बिनखिशाच्या पँटी

४ तारीख, सोमवार
वहीच्या पहिल्या पानावर काही शुभ लिहावं म्हणतात. आधी तक्रार लिहिते. गावात कॅसिनो येतोय हे मला इस्त्रीवाल्याकडून कळलं. घरात मुलगा, सून, नात, तिघांना आधीच माहीत. मुलगा म्हणे, आई, तुझं बीपी वाढेल म्हणून सांगितलं नाही. आता उतरलं का?

ह्यांनी पत्त्यांत माझं पहिलं शिलाई मशीन घालवलं होतं. हे गेले तेव्हाही मी रडले, पण मशीनला जास्त. तो पत्त्यांचा अड्डा गल्लीच्या टोकाला होता. ह्या कॅसिनोला काचेची दारं असणार, एवढाच फरक. माझ्या घरातलं आता कुणी तिकडे जायचं नाही.

रविवारी हॉलमध्ये मिटिंग आहे, हात वर करून मतं. कॅसिनोचा ठराव पडला की कॅसिनो गेला. गल्ली माझ्या शब्दाबाहेर नाही. सगळ्यांच्या कमरेची मापं माझ्याकडे आहेत.

६ तारीख, बुधवार
प्रचार जोरात. न्हावी म्हणाला, मावशी, लोक रात्रभर जागणार आणि सकाळी दाढीला माझ्याकडे येणार. बिचारा कामाच्या भाराला घाबरलाय. आपल्या बाजूचा. शेजारीण नुसती हसली. म्हणजे पक्की. इस्त्रीवाला म्हणाला, बघू. म्हणजे हो.

मुलानं मोठी ऑर्डर आणली. काळ्या पँटी, खिसे अजिबात नकोत. कुणाच्या विचारलं तर म्हणे, हॉटेलातल्या वेटरांच्या, जास्त चौकशा करू नकोस. सून लगेच कुकर बघायला उठली. कुकर लावलाच नव्हता.

८ तारीख, शुक्रवार
बिनखिशाची पँट म्हणजे काय पँट झाली? लोक म्हणतील म्हातारी विसरायला लागली. वरून दिसणार नाही असा कमरेच्या पट्टीत एकेक चोरखिसा घातला. सगळ्या पँटींना. पोरांना टिप ठेवायला होईल. मालक खूश होऊन पुढची ऑर्डर देणार. मुलाला मुद्दाम सांगितलं नाही. तो तरी मला कुठे सगळं सांगतो?

एका पँटीची कंबर हुबेहूब नातीची. असतात एका मापाची माणसं.

उरलेल्या काळ्या कापडाची अक्षरं कापून चादरीवर शिवली: कॅसिनो नको. अक्षरं नातीनं खडूनं काढून दिली. पोरीनं ‘नको’ दोनदा पुसून पुन्हा काढलं. आजीचा अभिमान वाटला असणार.

१० तारीख, रविवार, दुपार
बॅनर घेऊन निघते. संध्याकाळी विजय लिहीन.

१० तारीख, संध्याकाळ
कॅसिनोचा मॅनेजर आला होता. गोड बोलणारा. म्हणाला, नोकऱ्या तुमच्याच मुलांना, आणि पोरं स्टेजवर उभी केली. न्हाव्याचा मुलगा. शेजारणीची सून. आणि माझी नात. सगळी माझ्या काळ्या पँटींत. नात टेबलावर पत्ते वाटणार म्हणे. पत्ते वाटणाऱ्याला खिसा ठेवत नाहीत, चिप, म्हणजे पैशाऐवजीची चकती, लंपास होऊ नये म्हणून. आणि हे कपडेसुद्धा तुमच्याच आजींनी शिवलेत, म्हणाला. टाळ्या वाजल्या. मुलानं सगळ्यात जोरात वाजवल्या.

नंतर विचारलं, विरोधात कोण? माझा एक हात वर. दुसऱ्यात बॅनरची काठी. न्हावी चपला बघत होता. शेजारीण हसली. तशीच.

नात खाली येऊन म्हणाली, आजी, तुला सांगणारच होते. कंबर चुकली नाही ना, एवढंच विचारलं मी. म्हणाली, छान बसलीय.

११ तारीख, सोमवार
सकाळी ट्रेनिंगला आत सोडताना पोरांची झडती झाली. पहिल्याच पोराच्या कमरेत चोरखिसा सापडला. मग दुसऱ्याच्या. मग सगळ्यांच्या. पोरं घरी, पँटी आमच्या ओट्यावर. खिसे जातील तेव्हाच नोकऱ्या मिळतील. मुलगा माझ्यावर ओरडला. मला! ज्यानं आईला फसवून जुगाराचे कपडे शिवून घेतले, तो!

उसवायला बसलेय. नात समोर बसून दोरे काढतेय. कॅसिनो काही थांबलेला नाही, उद्घाटन ठरलंय. तरी माझी टीप पक्की, सहज उसवत नाही. तेवढा उशीर तर होईल.

मॅनेजरचा फोन वाजतोय. चोरखिसा कुणाच्या डोक्यातून निघाला, विचारणार. ऑर्डर मुलानं आणली, फोन मुलानंच उचलायचा.