पप्पांच्या पायाचं रीडिंग

४ नोव्हें., मंगळ.
झोप नाही. पप्पांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम भरायचं नाव घेत नाही. शुगर आटोक्यात येईना. डॉ. म्हणाले, जखम वाढली तर अंगठा काढावा लागेल, आणि वर पसरली तर... पुढचं ऐकायच्या आधीच पप्पा लंगडत बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.
मी सातपूरला कंपनीत दिवसभर पत्र्यांच्या फोटोंतला गंज मोजते. प्रोग्रॅम माझाच, साधा. फोटोतला लाल-तांबूस भाग मोजतो, बस. तोच पायाला लावला तर?

५ नोव्हें.
लावला. आई सकाळी ड्रेसिंग बदलताना फोटो काढणार, पायाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून. लाल भाग नाण्याच्या किती पट, एवढंच उत्तर. आज सव्वा नाणं.
पप्पा जन्मभर एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मीटर बघत बसलेले. एकदम खूश. "आता कसं, रीडिंग आलं. नुसतं बरं हाय, बरं हाय म्हणून काय कळतं?"

८ नोव्हें.
सव्वा. कालही सव्वा, परवाही. चिडचिड नुसती. जेवणाच्या सुट्टीत डब्याआधी फोन उघडते. आईला म्हटलं फोटो हलतो. ती म्हणाली, पाय धरू, नाणं धरू का फोन धरू? खरंच आहे.
शेजारच्या काकूंचे सल्ले सुरू झालेत. डॉ.च्या मलमाशिवाय काही लावायचं नाही, आईला बजावलं. ती पट्ट्या गुंडाळत राहिली.

११ नोव्हें.
पाऊण! कंपनीतूनच फोन केला. पप्पा म्हणाले, लोड उतरतोय. किती दिवसांनी हसले.
गुरुवारी डॉ.कडे न्यायचं होतं, पण त्याच दिवशी कंपनीत तपासणी. सोमवारवर ढकललं. पप्पाच म्हणाले, रीडिंग चांगलं हाय, कशाला रजा घालवते.

१४ नोव्हें., शुक्र.
अर्धं. सोमवारपासून फोटो आपोआप फोल्डरमध्ये जातो, मला फक्त आकडा येतो. सोय झाली. मग चैन का पडत नाही? पप्पा झोपेत कण्हतात. सकाळी विचारलं तर म्हणे, स्वप्न पडलं असेल.

१५ नोव्हें.
पाव नाणं. पुण्याला दादाला पाठवावा म्हणून फोटो उघडला. या आठवड्यात पहिल्यांदाच.
अंगठा पिवळाजर्द. हळद. सकाळी धुऊनही न गेलेली. प्रोग्रॅमला मी फक्त लाल शिकवलंय, पिवळं तो सोडून देतो. जखम कमी झालीच नव्हती. हळदीखाली ती दीड नाण्याहून मोठी झालेली.
अर्धी रजा टाकून घरी. आईवर ओरडले. तिने ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाली, "आधी एकदाच लावली होती, भीत भीत. दुसऱ्या दिवशी तूच फोन करून सांगितलंस, आकडा उतरला. म्हणून रोज लावत गेले."
ती माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून हळद लावत होती, आणि मी तिच्या हळदीवर खूश होत होते.
संध्याकाळी डॉ.कडे नेलं. साफ केली, इंजेक्शन दिलं. गुरुवारीच आणायला हवं होतं म्हणाले. सोमवारी बघून ठरवू, अंगठा की...

१६ नोव्हें., रवि.
आज ड्रेसिंग मी केलं. खाली बसून पप्पांचा पाय मांडीवर घेतला. या पायांना आजवर हात लावला तो परीक्षेला जाताना, वाकून, बोटांच्या टोकांनी. टाच केवढी भेगाळलीय. वास येतो. पत्र्यावरचं कसलंही भोक मी निवांत बघते, इथे बघवत नव्हतं. तरी बघितलं. लाल आहेच. एका कडेला काळं पडलंय. कालपेक्षा जास्त का तेवढंच, सांगता येत नाही.
नाणं खिडकीतच होतं. आई दारात उभी, पदर तोंडाशी धरून.
पप्पा वर पंख्याकडे बघत होते. म्हणाले, "रीडिंग काय?"
घेतलं नाही म्हटलं.
"मग नुसतं बघून सांग."
पाय अजून माझ्या मांडीवरच होता. मी सांगायला लागले, आधी काळ्या कडेपासून.