हासून हर्निया बरा करणे

३ ऑक्टोबर, चिखली, दवाखाना
ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणते, महिनाभर ओरडायचं नाही, खोकलायचं नाही, जोरानं हासायचं बी नाही. घ्या! मार्केट यार्डात सोयाबीनच्या ढिगाची बोली मी पुकारतो. उकंडराव ओरडल्याबिगर चिखलीत भाव फुटत नाही.
ठराव: दुखणं हासण्यावारी न्यायचं. येईन त्याले हासवायचं. आठवडाभरात यार्डात.

५ ऑक्टोबर, सकाळ
ड्रेसिंग. नर्सबाईले म्हणलं, आपल्याले भेव-बिव माहीत नाही. तिनं पट्टी ओढली. थोडा आवाज निंघाला. खालच्या मजल्यावरचे लोक धावत आले, ते उगाच.

७ ऑक्टोबर, घरी
पाहाले लोक येऊन राह्यले. बिस्किटाचे पुडे लई झाले. सगळ्यायले जोक सांगतला: डॉक्टरनं पोट उघडलं तं आत बायकोची, पुष्पांजलीची, सारी बोलणी निंघाली, बाहेर ठेवाले जागा नाही म्हणून तशीच आत ठेवून शिवली. शेजारच्या अन्नपूर्णाबाई हासल्या नाहीत. म्हणे, साखरखेर्ड्याच्या त्यायच्या दिराले बी हेच झालतं. म्हणलं, मंग? म्हणे, तेरवीले बुंदी चांगली होती.
बाईले विनोद समजत नाही.

८ ऑक्टोबर
पुष्पांजली म्हणे, जोक बंद करा, टाके तुटतीन. म्हणलं, पाहुण्यायचे काऊन तुटतीन? म्हणे, पाहुणे कुठी हासून राह्यले, तुम्हीच हासता.
बायकोचं काय घेऊन बसता.

११ ऑक्टोबर
गोविंदा अडत्या येऊन गेला. बोली सध्या मोईज पुकारते. माझ्या हाताखालचा पोरगा, तोंडातून शब्द निंघत नाही त्याच्या. म्हणलं, शेतकरी कटाळले असतीन! गोविंदा म्हणे, नाही बा, तो गोष्टी सांगत बसत नाही, दुपारीच लिलाव उरकते, लोकं उजेडी घरी जातेत.
लवकर उरकणं ही काही कला नव्हे. जेवण गेलं नाही. खरं सांगाचं तं भेव वाटलं. गॅस असन.

१४ ऑक्टोबर, दुपार
कटिंगले जातो सांगून यार्डात गेलो. रिक्षात ठरवलं, मोईजले खांद्यावर हात ठेवून बाजूले करायचं. तं त्यानंच खुर्ची देली, ढिगाजवळ बसवलं अन् मलेच पुकारलं: माल जुना हाये, एका जागी उसवला व्हता, पण शिवून आणला. आवाज दमदार, वजन भरपूर. बोला!
कोणीच बोलेना. मांगून एक शेतकरी ओरडला, वापस न्यायचं भाडं कोण देईन? सारं यार्ड हासलं. मले बी हासू आवरलं नाही. जोक चांगला होता, मानाच लागन.
मंग कळ आली.

१५ ऑक्टोबर, पुन्हा दवाखाना
टाका तुटला. पुन्हा शिवलं. डॉक्टर म्हणते, पुकारणं आता कायमचं बंद. बाजार समितीचे सेक्रेटरी येऊन गेले. म्हणे, बोलीचं काम मोईजच पाहीन, तुम्ही आराम करा.
संध्याकाळी मोईज आला. त्याले म्हणलं, मी येईपर्यंत तात्पुरतं सांभाळ. तो हाव म्हणला. लई अदबीचा पोरगा हाये. मान खाली घालून रडत होता. म्हणलं, हास ना बे. हासलाच नाही.
मंग मी बी रडलो. चांगला मोठ्यानं.
रडल्यानं टाके दुखत नाहीत. डॉक्टरनं हे सांगाले पाह्यजे होतं.