अर्धा मचवा कमलाक्षीचा

मी, धाकू सगुण गावस, वय सदुसष्ट, मूळ गाव मये, तालुका डिचोली, सध्या राहणार केरी, तालुका पेडणे, पूर्वी नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जीवर इंजिन मेकॅनिक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. हृदय मात्र भरवशाचं नाही, असंही त्याच कागदात लिहिलं आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. मला मूलबाळ नाही, आईवडील राहिले नाहीत. पत्नी कमलाक्षी हयात आहे. ती गेली सात वर्षं वेंगुर्ल्याला भावाकडे असते.

कलम १. केरीचं घर. हे पत्नीला द्यायचं असं ठरवून वकीलबाई क्षमा यांच्याकडे गेलो, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, अर्धें घर तिचेंच आसा. लग्न गोंयांत नोंद जालां न्ही? मागीर जें तुमचें, तें दोगांयचें." म्हणजे मी मोठ्या मनाने देतो आहे ते निम्मं आधीपासून तिचंच होतं. तर उरलेलं निम्मंही तिचं. मागच्या दाराची कडी उचलून लावावी लागते. तिला ठाऊक आहे.

कलम २. पोस्टात आणि बँकेत जे निघेल ते पत्नीचं. यासोबत एक कापडी पिशवीही तिला द्यावी. दर मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या बसच्या कंडक्टरबरोबर ती या पिशवीतून फणसाची साटं आणि आमसुलं पाठवते. सोबत चिठ्ठी नसते. मी पिशवी धुऊन, घडी घालून परत पाठवतो. दर वर्षी आत चार ओळी लिहून टाकायचं ठरवतो आणि दर वर्षी रिकामी पाठवतो. यंदा पिशवी ठेवूनच घेतली.

कलम ३. माझी हत्यारं भाचा रुद्रेश याला. तो मुरगावला गोदीत कामाला आहे आणि हात चांगला आहे. अट एकच, पान्याचा हातोडा करायचा नाही. केलेला दिसला तर मी मेलेलो असलो तरी मला राग येईल.

कलम ४. शिडाचा मचवा, दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनासह. खाणी बंद पडून बार्जी उभ्या राहिल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी, हरमलहून मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्याकडून मी तो घेतला. घेताना पत्नीला विचारलं नाही. तिला समुद्रावरून माहेरी, वेंगुर्ल्याला नेईन, असा शब्द मात्र दिला.

आता जे लिहितो ते मृत्युपत्रात बसत नाही असं वकीलबाईंचं मत आहे. बसवावं लागेल.

टाकीतलं डिझेल खेचून इंजिनाला देणारा एक छोटा पंप असतो. बार्जीवर आम्ही त्याला बोंब म्हणायचो. पोर्तुगीज गेले, शब्द राहिला. आमच्या बोंबेला हाताने हलवायची दांडी होती. इंजिनात हवा भरली की दांडी मारून डिझेल वर आणायचं. सात वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याला म्हणून निघालो आणि तेरेखोलच्या मुखातच इंजिन बंद पडलं. वारा मेला होता, ओहोटी आम्हाला रेतीच्या पट्ट्याकडे ओढत होती. कमलाक्षी खाली इंजिनाजवळ बसली होती. मी सुकाणूवरून ओरडलो, "कमळ, बोंब मार! बेगीन बोंब मार!"

ती वेंगुर्ल्याची. वर आली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि कोकणभर ऐकू जाईल अशी बोंब मारली, "धावा रे धावा! मचवो बुडता!"

केरीच्या चार होड्या धावून आल्या. आम्हाला ओढत नेलं आणि होडीवाले किनाऱ्यावर हसून हसून लोळले. मला ते हसणं झोंबलं. पाच माणसांसमोर, एका शब्दावरून, मी बायकोला स्वयंपाकघराची वाट दाखवली. म्हणालो, "तुका एक उतर कळना? रांदचे कुडींत बस, मचव्यार परत पांय दवरूं नाका."

ती शांतपणे म्हणाली, "तुमीच सांगितल्यात बोंब मार म्हणून. मी मारलंय. आता गप ऱ्हवतंय." तिसऱ्या दिवशी ती भावाकडे गेली, आणि गप राहिली आहे.

मी कबूल करतो की त्यानंतर आठवड्याने मी पंप उघडला. आतला रबरी पडदा वीतभर नाही, पण बोटभर फाटलेला होता. इंजिनातलं तेल मोजायची काडी ओढली तर पातळी वर चढलेली आणि तेलाला डिझेलचा वास; डिझेल फाटक्यातून तेलात उतरत होतं. ती दांडी तिने संध्याकाळपर्यंत मारली असती तरी थेंब आला नसता. आम्ही वाचलो ते तिच्या बोंबेने. आणि निघण्याआधी काडी बघायची ती मी बघितली नव्हती. पंचवीस वर्षं बार्जीवर याच गोष्टीवरून मी लोकांना शिव्या घातल्या. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तिला तर नाहीच.

म्हणून मचव्यातला माझा अर्धा भाग पत्नीला. दुसरा अर्धा पहिल्या दिवसापासून तिचाच होता, आणि मी तिला तिच्याच मचव्यावर पाय ठेवू नको म्हणालो.

कलम ५. शेजारी गौरेश परब दर चतुर्थीला आरती संपली की कमलाक्षीच्या बोंबेची नक्कल करून दाखवतो. त्याला तो फाटका पडदा, मी ज्या बरणीत जपून ठेवला आहे त्या बरणीसकट. यापुढे नक्कल करताना बरणी समोर ठेवावी आणि गोष्ट शेवटपर्यंत सांगावी.

कलम ६. नवीन पंपाविषयी. दांडीचा घ्यावा की विजेचा, यात मी सहा वर्षं घालवली. दोन दांडीचे आणले; एकाचा इंजिनात शिरणारा हात आखूड निघाला, दुसरा खोक्यातच आहे. कमलाक्षी घरी होती तेव्हापासूनच म्हणायची, "बटनाचो घेवा." मी म्हणायचो, बॅटरी बसली तर? हात कधी बसत नाही. त्यावर ती विचारायची, "हात कोणाचो?" मग मी विषय बदलायचो.

यंदा विजेचा बसवला. जुन्याच्या जागी कागदी गॅस्केट घालून पत्रा लावला आहे, तो काढू नये, तेल बाहेर येईल. पंप टाकीजवळ, रबरावर. त्याच्या आधी गाळणी. पंपावरचा बाण इंजिनाच्या दिशेने. मुद्दाम कमी दाबाचा घेतला आहे, जास्त दाब पुढच्या सीलना सोसत नाही. बटण सुकाणूच्या उजवीकडे, ती एरवी बसायची तिथे. दाबलं की टिकटिक करतो, हवा निघून डिझेल भरलं की टिकटिक मंदावते. कोणाला ओरडून सांगावं लागत नाही. बसवून झाल्यावर मी ते ऐकत बराच वेळ तिच्या जागेवर बसलो. मला ती हवी होती. आताही हवी आहे.

शेवटी वकीलबाई म्हणाल्या की दोघांच्या मालमत्तेतली अमुक वस्तू अमुक माणसाला असं लिहायचं तर या कागदावर पत्नीची संमती लागेल. त्यांनी तो वेंगुर्ल्याला पोस्टाने पाठवायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. कलम चार तिने मी जिवंत असताना वाचायला हवं. रविवारी भरतीला हा कागद घेऊन मी आणि रुद्रेश मचव्यातून वेंगुर्ल्याला निघतो. तेलाची काडी बघितली आहे.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिलं, वाचून पाहिलं आणि साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : केरी, पेडणे
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

(सही) धाकू सगुण गावस

साक्षीदार :
१. (सही) शालिनी नाईक, निवृत्त शिक्षिका, केरी
२. (सही) ओंकार शेटये, फेरीबोटीवर नोकरी, केरी

पत्नीची संमती :

(ही जागा मुद्दाम मोठी सोडली आहे. सही करण्याआधी कमलाक्षीला मला जे काही सुनवायचं असेल ते तिने इथे लिहावं. कागद पुरला नाही तर तोंडी सांगावं. मी धक्क्यावर उभा असेन.)