दोन पार्वती

रविवार, १२ ऑक्टोबर. कांदिवली.

डोकं फिरलंय नुसतं. सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचाय म्हणून गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी होळीपासून टाइप करतेय. फुकट!

आज नानांकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या काकांकडे, जोगेश्वरीला गेले होते. त्यांना दाखवलं, तुमच्या पणजोबांची बायको पार्वती बाळंतपणात गेल्याची नोंद आहे. दोनच वर्षांनी पार्वतीला मुलगा झाल्याचीही आहे. म्हणजे त्यांनी दुसरी केली आणि तिलाही पहिलीचंच नाव ठेवलं.

"अगो, मरणाची नोंद चुकली असतली. काढून टाक."

"नाना, दोन बायका होत्या त्या."

"एकाच नावाच्या दोन कित्याक? लोक गोंधळतले."

लोक गोंधळतील म्हणे! त्या दुसरीला कुणी हाक मारली की ती 'ओ' तरी कशी देत असेल? नाव मेलेल्या बाईचं, चूल तिचीच, अंथरूणही तिचंच. आणि पहिली? तिचं तर आता मरणसुद्धा खोडायचं.

निघताना नानांनी कौतुकाने आभाराचं पान दाखवलं. 'टंकलेखन: सौ. सुधीर गावकर.' बस, एवढंच. पार्वतीला निदान उसनं तरी नाव मिळालं होतं.

सुधीर म्हणतो, "जाऊ दे ना यार, म्हातारा माणूस आहे."

जाऊ दिलं. दोन्ही पार्वती फाइलमध्ये आहेत आणि फाइल माझ्याकडे आहे. उरलेली पानं सौ. सुधीर गावकर यांच्याकडून टाइप करून घ्या म्हणावं. मी त्या बाईला ओळखत नाही.