अकराची टूर

सोमवार, २ जानेवारी. सकाळी साडेसहा.

रिटायर्ड आयुष्याचा पहिला वर्किंग डे. चौतीस वर्षं शहराच्या पाण्याच्या लॅबमध्ये काढली. शहर जे पाणी प्यालं ते आधी मी चाखलं. पाण्याला चव नसते असं म्हणणाऱ्याला जीभच नसते.

आजपासून रोजनिशी. उद्देश: मन ताळ्यावर ठेवणे. वाचक: कोणी नाही.

निरोपाच्या कार्यक्रमात ऑफिसवाल्यांनी एक पाकीट दिलं होतं. आज उघडलं. वाइनरीच्या टूरचं कूपन निघालं. शनिवारी अकरा वाजता, दोन माणसं. वाइनरीचं नाव वाचून तोंडात मारल्यासारखं झालं. आमचं कन्यारत्न तिथेच कामाला आहे, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. हे लोक पहिल्यापासून मला पाण्यात पाहतात.

कूपन फाडून टाकायचं ठरवलं.

दुपारी. कागद फार जाड आहे. ड्रॉवरमध्ये ठेवलं.

बुधवार, ४ जानेवारी.

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. कन्या केमिस्ट्रीत पहिली आली. साहेबांचे उंबरठे झिजवून मी तिच्यासाठी आमच्याच लॅबमध्ये जागा काढली. रुजू व्हायच्या दिवशी ही बाई तिकडे न जाता वाइन बनवायला गेली. संध्याकाळी मी एवढंच म्हणालो, की दारूचा वास घेऊन या घरात पाऊल टाकायचं नाही. शांतपणे म्हणालो. वरच्या मजल्यावर ऐकू गेलं म्हणतात, पण या बिल्डिंगचं बांधकामच हलकं आहे.

ती बॅग भरून गेली. त्याला दोन वर्षं चार महिने झाले. चूक तिची, म्हणून पहिलं पाऊल तिने टाकायचं. साधं गणित आहे.

बायकोपुढे हा विषय काढला की ही उठून गॅस पुसायला लागते. महिन्यातून दोनदा बहिणीकडे जाते. बहिणीचा गुडघा धरलाय.

शनिवार, ७ जानेवारी. संध्याकाळी.

गेलो. कारणं दोन. कूपन वाया घालवणं तत्त्वात बसत नाही. आणि तिथलं पाणी कसलं आहे ते एखाद्या तज्ज्ञाने बघायला हवंच होतं. हिला सांगितलं, पेन्शनर्स असोसिएशनची मीटिंग आहे.

बस बरोबर गेटसमोर थांबते. मला वाटलं होतं, कन्या आत कुठेतरी टाक्या घासत असेल. पण टूर द्यायला तीच आली. केस कापलेत. पांढरा शर्ट, काळा एप्रन. बारा जणांवरून तिची नजर फिरत आली आणि माझ्यापाशी थांबली. मग म्हणाली, वेलकम सर, आपलं कूपन?

सर! मीही म्हटलं, हे घ्या मॅडम.

दीड तास टाक्या, लाकडी पिंपं, थंडगार तळघर. कुठे अडखळली म्हणून नाही. शेवटी टेबलावर प्रत्येकाला तीन ग्लास, ताजा पाव, शेजारच्या फार्मचं बकरीच्या दुधाचं चीज, अंजिराचा जॅम. चीज खाल्लं. चीजवर माझा राग नाही. वाइनला हात लावला नाही. पाणी दोन ग्लास प्यालो. जड आहे.

निष्कर्ष: ती आतून हलली आहे. महिन्याभरात माफी मागेल.

शनिवार, १४ जानेवारी.

पुन्हा गेलो. एका सॅम्पलवर रिपोर्ट देत नाहीत.

व्हाइट वाइनचा एक घोट घेतला, निव्वळ तुलनेसाठी. लिंबू पिळलेलं खोकल्याचं औषध. माफी नाही. टूरमध्ये गर्दी होती, तिला संधी मिळाली नसणार.

शनिवार, २८ जानेवारी.

चौथी टूर. तिकीट खिडकीवरची बाई मला अकरावाले काका म्हणते. माझ्यासाठी खुर्ची बाजूला काढून ठेवते, कारण तळघरात गुडघे आखडतात. कन्या दर वेळी तेच सांगते, पण कसं सांगते! पिंपावर हात ठेवून बोलते, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. हे गुण आमच्या लॅबला मिळाले असते.

रेड वाइन पूर्ण ग्लास. आवडली असं नाही. सोडवली नाही.

शनिवार, ४ फेब्रुवारी.

आज तिने सगळ्यांना ग्लासात नाक घालायला लावलं आणि विचारलं, कसला वास येतो? कोणी म्हणालं सफरचंद, कोणी म्हणालं मध. मी म्हणालो, ओली पाटी. लोक हसले. ती हसली नाही. माझ्याकडे पूर्ण एक सेकंद बघत राहिली. मग म्हणाली, करेक्ट, सर. ओला दगड म्हणतात त्याला.

ती सात वर्षांची असताना सुट्टीत लॅबमध्ये यायची. स्टुलावर चढून बाटल्यांचा वास घ्यायची. विहिरीचं, नदीचं, टाकीचं. डोळे मिटून ओळखायची. मी मार्क द्यायचो.

घसा आवळल्यासारखा झाला. टॅनिनने असं होतं, हे तीच सांगते. मात्र टॅनिन रेडमध्ये असतं. आम्ही व्हाइट पीत होतो.

गुरुवार, ९ फेब्रुवारी.

वाइनचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू. दुकानातून आपल्या भागातल्या तीन वाइनरींच्या तीन बाटल्या आणल्या. ग्लास नाहीत, म्हणून लॅबचे जुने बीकर. ही भाजी आणायला गेली असताना टेस्टिंग केलं. नियमाप्रमाणे थुंकायला बादली घेतली होती. थुंकवेना.

ही परत आली तेव्हा मी सोफ्यावर होतो म्हणे. हिने बीकर धुऊन पालथे घातले.

शनिवार, १८ फेब्रुवारी.

आजचा संकल्प: मी वाइनसाठी जातो, कोणासाठी नाही, हे सिद्ध करणे. म्हणून दुसऱ्या वाइनरीत गेलो. टेकडीवर आहे, मोठी आहे. द्राक्षमळ्याकडे तोंड करून बसायची सोय. सोबत ऑलिव्ह, अक्रोड, धूर दिलेला मासा. वाइन तर फारच सरस. टूर देणारा तरुण हुशार, प्रश्नांना उत्तरं देत होता.

चाळीस मिनिटांत निघालो. ग्लास अर्धा तसाच राहिला. वारा फार होता.

शनिवार, ४ मार्च.

एक मित्र मिळाला. चीजवाला. शेजारच्या फार्मवरून दर शनिवारी चीज घेऊन येतो. उंच, सडपातळ, मिठाने हात फाटलेले. मला बघितलं की उगाच कावराबावरा होतो, पण माणूस मायाळू. माझ्या प्लेटमध्ये नेहमी जास्तीचा तुकडा. आज शेजारी बसून विचारत होता, काका, मीठ जास्त झालंय का? मी म्हटलं, किंचित. पुढच्या खेपेला कमी करतो म्हणाला. वडीलधाऱ्यांचं ऐकणारी पिढी अजून शिल्लक आहे.

मी त्याला सांगितलं, लोक मुलगी देताना नोकरी बघतात, माणूस बघत नाहीत. तुझा सासरा होईल तो नशीबवान. त्याला जोराचा ठसका लागला. मी पाठ थोपटली. माणसाचं पाणी जोखायला मला एक मिनिट पुरतं.

शनिवार, १८ मार्च. दुपारी तीन.

महत्त्वाचा दिवस. सविस्तर लिहितो.

टूर संपली, लोक गेले. मी शेवटचा घोट सावकाश घेत होतो. ती एप्रन सोडून आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. दोन वर्षं साडेसहा महिन्यांनी. तिच्या बोटांवर जांभळे डाग होते. चीजवाला दाराशी उगाच रिकाम्या टोपल्या रचत होता.

म्हणाली, बाबा.

मग म्हणाली, तुम्ही दर शनिवारी का येता?

या क्षणासाठी मी सात मुद्दे तयार केले होते. शर्टाच्या खिशात कागदही होता. पहिला मुद्दा: झालं गेलं विसरायची माझी तयारी आहे. पण म्हटलं, आधी ती काय म्हणते ते ऐकू. म्हणून म्हणालो, वाइनची आवड लागली.

ती म्हणाली, फक्त वाइन?

मी म्हणालो, चीजही चांगलं असतं. आणि तुमच्या बाटल्या धुवायच्या पाण्यात क्षार जास्त आहेत, साहेबांना कळव.

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे हिच्यासारखे आहेत, आधी भरतात आणि मग तिथेच थांबतात. म्हणाली, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. मी म्हटलं, सांग की. ती म्हणाली, राहू दे. कळवते साहेबांना पाण्याचं. उठली, खुर्ची आत सरकवली आणि गेली.

एकंदरीत भेट उत्तम झाली. बाबा म्हणाली. मी झुकलो नाही. पुढच्या वेळी माफी नक्की.

कागद बसमध्ये वाचला. मुद्दे चांगले होते.

मंगळवार, २८ मार्च.

जेवताना हिने एकदम विचारलं, समजा तिने तुम्हाला एखाद्या कार्यक्रमाला बोलावलं, तर जाल का? हिच्या हातातला घास हातातच. मी म्हटलं, आधी तिने माफी मागावी. लेखी. हिने विचारलं, आणि नाही मागितली तर? मी म्हटलं, तर मग मला मुलगी नाही असं समजेन.

हे मी बोलण्याच्या ओघात म्हणालो. ठाम माणसाला अशी वाक्यं लागतात.

ही उठली. ताट तसंच. बेसिनचा नळ बराच वेळ चालू होता. पाण्याची नासाडी मला बघवत नाही, पण आज टोकलं नाही.

शनिवार, १५ एप्रिल.

वेलींना पालवी फुटलीय. टूर देताना कन्येचं लक्ष नव्हतं, दोनदा वाक्य विसरली. मी मागून शब्द पुरवले. मला सगळी टूर पाठ आहे. ती थँक्यू सर म्हणाली. बाबा म्हणाली नाही. लोकांसमोर कसं म्हणणार?

गेटवर नोटीस: शनिवार, २९ एप्रिल, खाजगी कार्यक्रमामुळे टूर बंद. कुठल्यातरी कंपनीची पार्टी असणार. अशाने रेग्युलर लोकांची गैरसोय होते. तक्रारवहीत लिहिलं. तिकिटाच्या बाईने ते वाचलं आणि ती माझ्याकडे विचित्र बघायला लागली. म्हणाली, काका, तुम्हाला खरंच माहीत नाही? मी म्हटलं, नोटीस आत्ताच तर लावलीत, कसं माहीत असणार?

शनिवार, २९ एप्रिल. सकाळी साडेनऊ.

ही बहिणीकडे गेली. गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय म्हणाली. ठेवणीतले कपडे, मोत्यांच्या कुड्या. दवाखान्यात इतकं नटून कशाला, असं विचारणार होतो, पण म्हटलं, बायकांचं आपण काय सांगावं. टॅक्सीपर्यंत बॅग मीच नेली. जड होती. काच वर करता करता म्हणाली, अजून वेळ आहे, चला माझ्याबरोबर. मी म्हटलं, तुझ्या बहिणीच्या गुडघ्यात मी काय करू? टॅक्सी गेली.

आज टूर नाही. घर आवरणे, बिलांच्या फायली लावणे, इत्यादी.

दहा. घरात बसवत नाही. नुसती चक्कर मारून येतो. बाहेरूनच.

शनिवार, २९ एप्रिल. संध्याकाळी सात.

गेट उघडं होतं, पण आत गेलो नाही. कुंपणाशी उभा राहिलो. हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत एक बाई पाठमोरी, कानात मोत्यांच्या कुड्या. शेजारी तिची बहीण. बहीण दोन्ही पायांवर व्यवस्थित उभी होती.

ही एका मुलीच्या केसांत फूल खोचत होती. मोतिया रंगाचा लांब ड्रेस. ती मुलगी वळली. माझी मुलगी होती. शेजारी कोट घातलेला चीजवाला.

मी किती वेळ उभा होतो ते नोंदवलेलं नाही. चीजवाल्याने मला बघितलं. सगळ्यांना सोडून धावत कुंपणाशी आला. कोट त्याला दंडात घट्ट होता. म्हणाला, काका, आत या. ती सकाळपासून गेटकडेच बघतेय. मी म्हटलं, मी सहज आलो होतो, शनिवार म्हणून. तो म्हणाला, इथेच थांबा, मी तिला घेऊन येतो, जाऊ नका. मी म्हटलं, बरं.

तो तिकडे धावला. मी बसकडे.

मागच्या सीटवर बसलो. काचेतून दिसलं, ती ड्रेस दोन्ही मुठींत धरून पळत गेटबाहेर आली. कपाळावर हात धरून आधी मळ्याच्या वाटेकडे बघितलं, मग रस्त्याकडे. बसकडेही बघितलं. मी खाली वाकलो. बुटाची नाडी बघत होतो. मान वर केली तेव्हा ही तिच्या खांद्यावर हात टाकून तिला आत नेत होती.

ही आत्ताच परत आली. दिवा न लावता खुर्चीत बसली. म्हणाली, ती गेटपर्यंत धावत आली होती.

मी म्हटलं, बस सुटत होती. पुढची एकदम दोन तासांनी होती.

ही म्हणाली, हो का. कानातल्या कुड्या काढल्या, पदराने पुसल्या. मग विचारलं, जेवलात? मी म्हटलं, हो.

जेवलो नव्हतो.

बसही सुटत नव्हती. ती आत गेल्यावर बस वीस मिनिटं तिथेच उभी होती. दार उघडं होतं.