चार टक्क्यांचा भाऊ

सोमवार, ३ फेब्रुवारी
आरशासमोर उभा राहून ‘नाही’ म्हणायचा सराव केला. नवव्यांदा मलाच हसू फुटलं. पगारवाढीच्या बोलणीत सरकारतर्फे बसणार मी, ऑसबर्ट फेलिसियन. आणि समोर नर्सांच्या संघटनेची पुढारी कोण? थिओडोरा. माझी सख्खी थोरली बहीण! कॅस्ट्रीज म्हणायला बेटाची राजधानी, पण एवढंसं गाव, दुसरं कोण मिळणार?

बुधवार, ५ फेब्रुवारी
पहिली बैठक. त्यांनी बारा टक्के मागितले. मी चार म्हणालो. ताईनं चष्मा काढला. “साहेब, आमच्या वॉर्डात चाळीस रोग्यांमागे दोन नर्स उरल्यात. बाकीच्या इंग्लंडला गेल्या. तुमच्या चार टक्क्यांनी परत येतील?”
साहेब! लहानपणी माझं नाक पुसणारी बाई!
मग मी रंगीत तक्ता काढला — वादळानं मोडलेले रस्ते, कर्जाचे हप्ते, पेन्शनी. तक्ता उलटा धरला होता. वाढत्या खर्चाचे खांब उतरताना दिसत होते. समोरच्या सगळ्या खूश.

रविवार, ९ फेब्रुवारी
आईकडे जेवलो. उकडलेली हिरवी केळी आणि खारा मासा. ताईला दोनदा वाढलं, मला एकदाच. “तुझ्याकडे काटकसर चाललीय ना? मग सवय कर.”

गुरुवार, १३ फेब्रुवारी
ताईनं जिन्यात गाठलं. एकटी होती. “ऑसी, संघटना राहू दे बाजूला. खरं सांग, पैसे आहेत की नाहीत?”
“नाहीत गं. आईशप्पथ. आकडे मीच मांडलेत.”
“बरं. तुझ्या शब्दावर जाते.”
छाती फुगली माझी. वाटाघाटीतला वाघ! बहिणीनं विश्वास ठेवला, एवढंच तर झालं होतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
ताईनं सभेत उभं राहून सांगितलं — चार घ्या, तिजोरी खरंच रिकामी आहे. मागून कुणीतरी ओरडलं, “भावाला विकली गेली!” चार टक्के सहा मतांनी पास झाले. पाठोपाठ दुसरा ठराव — थिओडोराला पदावरून काढा. तो एकमतानं.
मंत्र्यांनी माझी पाठ थोपटली. मी चक्क “आभारी आहे” म्हणालो. गाढव!

बुधवार, १९ फेब्रुवारी
ताई फोन उचलत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी
आईकडे ताई आली नाही. आईनं आज मला दोनदा वाढलं. दुसऱ्यांदा वाढलेलं ताटातच ठेवून उठलो.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
टेबलावर पाकीट. गोपनीय. माझ्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांना अकरा टक्के वाढ. मंजुरीची तारीख १० फेब्रुवारी. म्हणजे जिन्यात शपथ घेतली, त्याच्या तीन दिवस आधी!
सचिवांकडे धावलो. “सर, पैसे आले कुठून?”
“ते वेगळं खातं. तुझ्या तक्त्यात नव्हतं. अरे, तोंड काय पाडतोस? पार्टी दे!”
आकडे मीच मांडलेत म्हणे. मला दिले तेवढे मांडले — शहाणा!

शनिवार, १ मार्च
ताईकडे गेलो. दारात वाट अडवून उभी राहिली. पाकिटातलं पत्र दिलं. तिनं वाचलं. तारखेवर बोट ठेवलं.
“तुला ठाऊक होतं?”
“नाही.”
“हे मी सभेत वाचलं तर तुझी नोकरी जाईल, ऑसी.”
पत्र तिच्या हातातच ठेवून आलो.