फोनमधलं नाक

आमगाव

प्रिय योगराज,

शेजारचा दुर्गेश शुक्रवारी मस्कतला परत निघतो आहे. त्याच्या बॅगेत तुझ्यासाठी चिवडा आहे, आईच्या हातचं लोणचं आहे आणि हे पत्र आहे. चिवडा आधी उघडू नकोस. तोंड भरलं की तू 'हो हो' म्हणतोस आणि ऐकत काही नाहीस. फोनवर सांगितलं असतं, पण मी बोलायला लागले की तुझ्याकडचं नेटवर्क जातं. आई बोलते तेव्हा जात नाही, बायको म्हणून रविता बोलते तेव्हा जात नाही. तुझी मोठी बहीण बांगड्यांच्या दुकानात बसत असली तरी एवढं तिला कळतं.

घरी बरं आहे. धान छान निसवलं आहे, लोंब्या बाहेर आल्या आहेत, तू टाकलेलं छत यंदा गळलं नाही. आईचे गुडघे दुखतात, पण कुणाच्या घरी भांडण लागलं की तेवढ्यापुरते थांबतात. मागच्या रविवारी तू रविताला म्हणालास की आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करतो, ओमी तर बापाला पाहून पळूनच जाते, मी असलो काय अन् नसलो काय. त्यावर रविता तुला काही बोलली नाही. ती तशीही कमी बोलते. आपल्या घरात तिला बोलायची पाळी कधी मिळणार? पण त्या दिवशी तिने लाटलेल्या पोळ्यांमधून पलीकडचं दिसत होतं. म्हणून तिच्या वाटचं मी लिहिते आहे.

ओमीला जन्मापासून ऐकू येत नाही हे आपण फार लवकर मान्य केलं नाही, आणि मान्य केल्यावर उपाय काय काढला, तर तिच्याशी मोठ्याने बोलायचं. आई तर अशी हाक मारायची की स्टेशनावर गाडीची वाट पाहणारे लोक उठून उभे राहायचे. मग गेल्या वर्षी तालुक्याचं शिबिर झालं. बहिऱ्या मुलांचं शिबिर, आणि मांडवात सगळ्यात मोठी वस्तू कोणती, तर लाऊडस्पीकर. केशोराव सरपंचांनी त्यावरून मुलांना उद्देशून भाषण केलं. मुलं शांत बसली होती म्हणून खूश होऊन आणखी लांबवलं. त्या गर्दीत मागच्या रांगेत एक पोरगी बसली होती आणि हसत होती. त्या प्रेरणा मॅडम. फिरत्या शिक्षिका आहेत. गावोगाव जाऊन अशा मुलांना शिकवतात, त्यांच्या शाळेतल्या गुरुजींना शिकवतात आणि घरच्यांना तर धरून शिकवतात. आता दर गुरुवारी स्कुटीवरून आपल्याकडे येतात.

त्या स्वतःही ऐकू शकत नाहीत. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "बहिरीच बहिरीले का शिकवन वो?" मॅडमना अर्थातच ऐकू गेलं नाही, पण आईचं तोंड पाहून त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी मोबाईलवर टाईप करून आईपुढे धरलं. आईला वाचता येत नाही. मग मीच वाचून दाखवलं: 'आजी, तुम्ही पण बसा.' आणि आई बसली. माझी पंचाईत तर विचारूच नकोस. आमगावच्या बाजारात माझ्या जिभेला लोक वचकून असतात, आणि इथे समोर अशी बाई की जिच्यापुढे जीभ चालतच नाही. वर त्यांनी मला हातातल्या बांगड्या कमी करायला लावल्या, बोटांवरून नजर हलते म्हणून. बांगड्यांच्या दुकानदारणीला! आता एकेका हातात दोन-दोन घालते, आणि गिऱ्हाइकं विचारतात, बाई, धंदा बसला का.

या लोकांमध्ये एक रीत आहे. प्रत्येकाला हाताचं एक नाव असतं आणि ते ऐकू न येणाऱ्यानेच ठेवायचं. आपण फक्त घ्यायचं, कुरकुर चालत नाही. मॅडमनी ओमीचं ठेवलं: उजव्या गालावर बोट टेकवून जरासं फिरवायचं, तिथे तिला खळी पडते ना, म्हणून. बाकीच्यांची नावं ठेवायचं काम ओमीकडे आलं आणि तिने घरावर सूड उगवला. माझं नाव तोंडापुढे कैची चालवल्यासारखी दोन बोटं. आईचं नाव दातांवर घासलेलं बोट, म्हणजे तिची तंबाखूची गुडाखू. आई भडकली, "मी रोज तुळशीले पाणी घालतो, ते नाही दिसलं का इले?" रविताचं नाव कपाळावरची बट मागे सारणं. एवढं एकच नाव तिने प्रेमाने ठेवलं. सरपंचांचं मी लिहीत नाही, ते पोटावरून आहे.

पूर्वी आई ओमीला रस्त्यात हात हलवू द्यायची नाही, "लोक का म्हणतीन" म्हणून. परवा तीच गच्चीवरून गल्लीतल्या ओमीला हातांनी जेवायला बोलावत होती आणि ओमी खालून हातांनीच 'थांब, येते' म्हणत होती. स्टेशनवाले आता निवांत बसतात.

तुझं नाव मात्र राहिलं होतं. मी एकदा मोबाईलवर तुझा फोटो दाखवून विचारलं, तर तिने दोन बोटं स्वतःच्या नाकाला लावून नाकपुड्या फुगवल्या. आम्ही पोट धरून हसलो. हसून झाल्यावर मला ते काही बरोबर वाटलं नाही. मग रविवार सोडून एका गुरुवारी मॅडम असतानाच तुझा व्हिडिओचा फोन आला. तू नेहमीसारखा, एका हाताने मोबाईल तोंडाजवळ धरून, "ओमीऽ, जेवली काऽ?" ओमीने पाहिलं आणि उठून गेली. मॅडमनी टाईप करून मला विचारलं, हे कोण? मी टाईप केलं, बाप. त्यांनी लिहिलं, 'मग यांचे हात कुठे आहेत?'

योगराज, एवढी वर्षं दर रविवारी त्या पोरीला एक नाक आणि उघडमीट करणारं एक तोंड दिसत आलं. आणि आपण म्हणायचो, बापाला विसरली. मधे एकदा आलास तेव्हाही वीस दिवस छतावरच होतास. माझी जीभ तुझ्यावर चालली असती, पण फोन धरून तो तिच्यापुढे नेणारी मीच होते, तेव्हा तो भाग सोडून देते.

आता पत्राचं कारण. मॅडमनी त्या दिवशी ओमीला परत बोलावलं आणि हातांनी विचारलं, फोनमधला नाही, तुझा बाबा कसा?  मग तिने दोन्ही हातांनी नवं नाव केलं. ते पाहून रविता पदराला हात पुसत पुढे आली. तू जायच्या आधीची मंडई, आपली दिवाळीनंतरची जत्रा, तिला आठवली. चार वर्षांची ओमी तुझ्या खांद्यावर बसून सबंध मंडई फिरली होती आणि दोन्ही हातांनी धरून बैल हाकल्यासारखी तुला वळवत होती, डावीकडे पाळणा, उजवीकडे जिलेबी. म्हणजे पोरगी काहीच विसरली नव्हती. नाव मी कागदावर लिहिणार नाही, ते ठेवणारीकडूनच घे. या रविवारी फोन डब्याला टेकवून उभा कर, चार पावलं मागे सरक, दोन्ही हात दिसू देत. उजव्या गालावर बोट टेकवून फिरव आणि गप्प राहा. ती काय करते ते पाहा. त्यानंतरही करारावर सही करावीशी वाटली तर कर, मी एक शब्द बोलणार नाही. मंडई दिवाळीनंतर लगेच आहे. ओमी आता जड झाली आहे, खांद्यावर मावायची नाही. पण धरून वळवायला तुझे कान तेवढे जागेवर आहेत ना, आरशात पाहून ठेव.

तुझीच,
कैची, म्हणजे चंद्रावती बाई